टोरेंट लावलं की घरचं नेट का बसतं?

पोरानं टोरेंट लावलं की घरात कुणाचंच नेट चालत नाही, ही तक्रार आता फक्त शहराची राहिलेली नाही. ओतूरहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या डिंगोऱ्यात जे घडतं, तेच नारायणगावात, मंचरला आणि घोडेगावलाही घडतं. उपायही सगळीकडे तेच तीन. राउटर बंद करून चालू करायचा, केबलवाल्याला फोन लावायचा, आणि एवढ्यानं भागलं नाही तर प्लॅन वाढवायचा. तिसरा उपाय सर्वांत महाग आणि बहुतेक वेळा सर्वांत निरुपयोगी. ‘नेट बसलं’ या दोन शब्दांमागे पाच-सहा निरनिराळे दोष असतात आणि वरून ते सारखेच दिसतात. त्यांची फोड करायची एक सोपी खूण आहे, पण ती फारसं कुणी पाहत नाही: टोरेंट बंद केल्यावर नेट किती वेळानं परत येतं? क्षणात आलं तर दोष एका ठिकाणी, चार-पाच मिनिटांनी आलं तर दुसऱ्या, आणि डब्याचं बटण दाबल्याशिवाय येतच नसेल तर तिसऱ्या.

संदेशवहनाचं तंत्र डिंगोऱ्याच्या जुन्नर तालुक्याला नवं नाही. भारताचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भू-केंद्र १९७१ मध्ये इथल्याच आर्वीला सुरू झालं. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, पार २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत आणि त्या मध्यवर्ती केंद्राला जोडल्या आहेत ऑप्टिकल फायबरनं. म्हणजे घराघरांत फायबर येण्याच्या कितीतरी वर्षं आधी ती इथल्या शिवारातून गेली होती. घरात मात्र बराच काळ टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं इंटरनेटच होतं. बीएसएनएलचं ‘डेटावन’ जानेवारी २००५ मध्ये आलं तेव्हा सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड, अशी सरकारी व्याख्याच होती. पुढे रात्री २ ते सकाळी ८ मोफत डाउनलोडची योजना आली आणि महाराष्ट्रातल्या एका पिढीनं गजर लावून, उठून टोरेंट सुरू करण्याची सवय लावून घेतली. ज्यांच्याकडे तारही नव्हती त्यांच्यासाठी मोबाइलचं दुकान होतं. मेमरी कार्ड द्यायचं आणि कीर्तनं, लावण्या, सिनेमे भरून घ्यायचे. फाइलींची देवघेव खेड्यात इंटरनेटच्या आधी पोचली होती, हे यातलं गमतीचं सत्य.

आता खांबावरून फायबर घरापर्यंत येते, बहुधा गावच्या केबलवाल्यामार्फत. जिथे ती येत नाही त्या मळ्यांत आणि वस्त्यांवर फोरजी-फाइव्हजीवर चालणारा राउटर लागतो. साधनं बदलली तसे दोषांचे क्रमही बदलले, पण सल्ले तेच राहिले. निम्मा गोंधळ त्यातून होतो.

बिटटोरेंट ही पद्धत ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रामरनं २००१ मध्ये आणली. नेहमीच्या डाउनलोडमध्ये फाइल एका सर्व्हरवरून येते. राउटरच्या दृष्टीनं ते एक-दोन संभाषणांचं काम. टोरेंटमध्ये फाइलचे तुकडे होतात आणि ते शेकडो अनोळखी संगणकांकडून येतात. आपल्याकडे आलेला तुकडा लगेच इतरांना द्यायचाही असतो. शिवाय कोणाकडे काय आहे याची विचारपूस २००५ पासून मध्यवर्ती सर्व्हरशिवायही होऊ लागली. संगणक एकमेकांनाच पत्ते विचारत राहतात, आणि या छोट्या विचारपुशींची संख्या प्रत्यक्ष फाइलच्या जोडण्यांहून जास्त भरू शकते. म्हणजे टोरेंट राउटरकडून दोन गोष्टी मागतं: एकाच वेळी असंख्य संभाषणं सांभाळणं आणि वरच्या दिशेनं, अपलोडला, सतत माल पाठवणं. घरगुती राउटर या दोन्हींसाठी बनवलेला नसतो. तो बनवलेला असतो यूट्यूब पाहणाऱ्या माणसासाठी.

पहिला दोष अपलोडच्या रांगेचा. डाउनलोड करताना आपला संगणक ‘मिळालं, पुढचं पाठव’ अशा पोचपावत्या सतत वर पाठवत असतो. अपलोडचा रस्ता टोरेंटच्या तुकड्यांनी भरला की या पावत्या रांगेत अडकतात, आणि पावती पोचली नाही की समोरचा सर्व्हर पाठवण्याचा वेग कमी करतो. त्यामुळे वर भरलं की खालचंही आटतं. त्यात राउटर बनवणाऱ्यांनी माहितीचं एकही पाकीट टाकून द्यावं लागू नये म्हणून रांगेला भरपूर जागा ठेवलेली असते. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. रांगेत २५६ किलोबाइट माल मावतो असं धरा. अपलोड सेकंदाला २५६ किलोबिट असेल तर ही रांग उपसायला आठ सेकंद लागतात. तोवर व्हॉट्सअॅपच्या कॉलमधला आवाज रांगेच्या शेपटाला उभा. तेवढीच रांग ५० मेगाबिटच्या फायबरवर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत संपते. फायबर आल्यावर ही तक्रार अनेक घरांत आपोआप मिटली ती यामुळे. आणि मळ्यातल्या फोरजी राउटरवर ती जशीच्या तशी परत आली तीही यामुळेच, कारण तिथे अपलोड तुटपुंजा आणि टॉवरवरच्या गर्दीनुसार वरखाली होणारा.

या दोषाला ‘बफरब्लोट’ हे नाव जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास रूढ केलं. त्यांना तो घरच्याच जोडणीवर मोठी फाइल पाठवताना सापडला होता. ते इंटरनेटच्या पायाभूत तंत्रात मुरलेले अभियंता. तरीही आधी त्यांना वाटलं, तारेतच काहीतरी बिघाड असावा. तेव्हा डिंगोऱ्यातल्या माणसाला केबलवाल्याचा संशय आला तर त्यात त्याचं काही चुकत नाही.

खूण अशी: टोरेंट थांबवलं की काही सेकंदांत सगळं पूर्ववत. खात्री करायची तर संगणकावर कमांडची काळी खिडकी उघडून ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करत राहायचं. एरवी वीस-तीस मिलिसेकंद दिसणारा आकडा टोरेंट सुरू होताच हजारावर गेला तर दोष रांगेचाच. उपाय फुकटात होतो. टोरेंटच्या प्रोग्राममध्ये अपलोडला मर्यादा घालायची, आणि ती प्लॅनवर छापलेल्या आकड्याच्या हिशेबानं नाही, तर स्पीड टेस्टमध्ये प्रत्यक्ष मिळालेल्या अपलोडच्या सुमारे ८० टक्के. इथे एक आकड्यांचा सापळा आहे. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि प्रोग्राममधली चौकट बहुधा किलोबाइटमध्ये. आठानं भागायला विसरलं तर घातलेली मर्यादा असून नसल्यासारखी. अपलोड शून्यावर आणणं मात्र मूर्खपणाचं. जो देत नाही त्याला या व्यवस्थेत मिळतंही कमी, हे कोहेन यांनी मुळातच तसं रचलं आहे.

टोरेंटवाल्यांनी स्वतःही यावर काम केलं. रांगेतला उशीर १०० मिलिसेकंदांच्या आसपास गेला की आपणहून मागे सरायचं, अशी ‘म्यूटीपी’ नावाची पद्धत बहुतेक प्रोग्रामांत आता असते. तिच्यामागचं तत्त्व डिसेंबर २०१२ मध्ये इंटरनेटच्या मानकांत प्रयोगाच्या दर्जावर नोंदलंही गेलं. ती बंद करा, असा सल्ला अजून फिरतो. तो ऐकू नये. राउटरच्या बाजूनं खरा इलाज म्हणजे रांग शहाणपणानं चालवणारं सॉफ्टवेअर. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली ‘कोडेल’ ही रीत आणि तिच्यावर बेतलेल्या पुढच्या आवृत्त्या ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीत तयार मिळतात. पण ही प्रणाली कंपनीनं दिलेल्या फायबरच्या डब्यावर सहसा चढत नाही, वेगळा राउटर घ्यावा लागतो.

दुसरा दोष अधिक चोरटा. घराला बाहेरचा पत्ता एक आणि आत यंत्रं दहा. मग बाहेरून आलेलं उत्तर कुणाचं, हे राउटरला कळतं कसं? ग्रामपंचायतीत आवक-जावक रजिस्टर असतं तसं तोही ठेवतो. आतून पाकीट बाहेर गेलं की कुणी, कोणत्या क्रमांकाच्या दारातून, कुणाला पाठवलं याची एक ओळ. उत्तर आलं की ती ओळ पाहून ते योग्य माणसाच्या हाती. ही रीत मे १९९४ मध्ये कागदावर आली, इंटरनेटचे पत्ते कमी पडणार हे दिसू लागलं तेव्हा, आणि तेव्हाही ती तात्पुरती सोय म्हणूनच सुचवलेली होती. रजिस्टरची पानं राउटरच्या स्मृतीएवढीच. स्वस्त डब्यांत ही स्मृती फार थोडी. लिंक्सिसचं ‘डब्ल्यूआरटी५४जी’ हे जगभर खपलेलं मॉडेल २००५ मध्ये पाचव्या आवृत्तीत १६ ऐवजी ८ मेगाबाइट स्मृतीवर आणलं गेलं, आणि टोरेंटवाल्यांनी जुन्याच आवृत्त्या शोधायला सुरुवात केली.

पान भरलं की राउटर नवी ओळ लिहीत नाही. चालू असलेला व्हिडिओ चालूच राहतो पण नवी साइट उघडत नाही, हे याचं खास लक्षण. घरातला एक म्हणतो नेट आहे, दुसरा म्हणतो नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. ओळी पुसल्या कधी जातात हा पुढचा प्रश्न. विचारपुशीच्या युडीपी ओळी दोन मिनिटांच्या आत पुसू नयेत आणि पाच मिनिटं ठेवाव्यात अशी २००७ ची शिफारस आहे. म्हणून टोरेंट बंद केल्यावर नेट चार-पाच मिनिटांनी सावरतं. टीसीपीच्या, म्हणजे पक्क्या जोडण्यांच्या ओळी मात्र चिवट. समोरचा संगणक निरोप न घेता गायब झाला तर ती ओळ तशीच पडून राहते, किमान दोन तास चार मिनिटं असा २००८ चा दंडक. बहुतेक राउटरांच्या पोटात लिनक्स असतं आणि लिनक्सची मूळ मुदत तर तब्बल पाच दिवसांची. निर्मात्यानं ती बदलायची तसदी घेतली नसेल तर सोमवारच्या मेलेल्या जोडण्या शनिवारपर्यंत पानं अडवून बसतात. ‘दर दोन-तीन दिवसांनी राउटर रीस्टार्ट करावाच लागतो’ या वाक्यामागे कित्येकदा हेच असतं.

यावरही आधी प्रोग्राममध्येच हात घालावा. क्यूबिटटोरेंटमध्ये एकूण जोडण्यांची मर्यादा मुळात ५०० असते आणि एका टोरेंटला १००. त्या २०० आणि ५० वर आणल्या तर डाउनलोडचा वेग बहुधा जराही पडत नाही. जास्त जोडण्या म्हणजे जास्त वेग हा समज मला या विषयातला सर्वांत हट्टी वाटतो. चांगले दहा देणारे मिळाले की उरलेले नव्वद फक्त रजिस्टरात नाव लावतात. एका वेळी दोन-तीनच टोरेंट चालू ठेवली, तरीही हाच लाभ.

तिसऱ्या प्रकारात डब्याचं बटण दाबल्याशिवाय नेट येतच नाही. इथे कारणं विखुरलेली आहेत. काही राउटरांत ‘डॉस प्रोटेक्शन’ नावाची सोय असते. बाहेरून हल्ला झाला तर तो अडवायचा हा हेतू, पण टोरेंटच्या पाकिटांचा मारा पाहून ती घरच्याच संगणकाला हल्लेखोर ठरवते. तो एकच संगणक अडला आणि बाकीचे फोन मजेत, असं दिसलं तर ही सोय तपासावी. कधी साइटचं नाव घेऊन पत्ता शोधून देणारा राउटरमधला छोटा विभाग गुदमरतो. मग नावानं काही उघडत नाही पण ८.८.८.८ चं पिंग चालू असतं. संगणकाला १.१.१.१ किंवा ८.८.८.८ हा डीएनएस थेट दिला की राउटर त्या कामातून सुटतो. उष्णता हेही खरं कारण आहे, विशेषतः पत्र्याखाली, टीव्हीच्या मागे, वर सेट-टॉप बॉक्स ठेवलेल्या डब्याला एप्रिल-मेमध्ये. आणि वीज. लाइट गेली-आली की इन्व्हर्टरवर जाताना राउटरला बारीकसा झटका बसतो आणि तो अर्धवट जागा राहतो. बारा व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस हा उपाय टोरेंटसाठी नसला तरी निम्म्या तक्रारी त्यानं मिटाव्यात. डब्यावरचा ‘लॉस’चा लाल दिवा पेटला असेल तर मात्र वरचं काहीच करू नका. फायबरचा प्रकाशच पोचत नाही आहे. केबलवाल्याला बोलावण्याचा हाच काय तो निर्विवाद प्रसंग.

वायफायबद्दल थोडक्यात. टोरेंटचा संगणक राउटरला केबलनं जोडून पाहावा. तेवढ्यानं फोन सुधारले तर दोष हवेतल्या गर्दीचा. जुन्या घरांच्या दगडी भिंती पाच गिगाहर्ट्झला दाद देत नाहीत, म्हणून सगळी यंत्रं २.४ वर गोळा होतात आणि एक टोरेंट सर्वांचा वेळ खातं. वीस मीटर लॅन केबल नव्या राउटरपेक्षा नक्कीच स्वस्त.

कंपनीच टोरेंट दाबते का? जगात असं घडलेलं आहे. अमेरिकेत कॉमकास्ट बनावट ‘जोडणी संपली’ संदेश मध्येच घुसवून टोरेंट तोडत असे. ते २००७ मध्ये उघड झालं आणि २००८ मध्ये तिथल्या नियामकानं कंपनीला थांबायला सांगितलं. भारतात २०१८ मध्ये दूरसंचार विभागानं समान वागणुकीची तत्त्वं स्वीकारली, त्यामुळे असं दाबणं नियमात बसत नाही. टोरेंटची संकेतस्थळं मात्र न्यायालयाच्या आदेशानं बंद केली जातात, तो निराळा विषय. ऑगस्ट २०१६ मध्ये अशा बंद पानांवर ‘नुसतं पाहिलं तरी तीन वर्षं तुरुंग’ अशा अर्थाचा इशारा झळकला आणि घबराट पसरली. तेव्हा ‘ढिशूम’ सिनेमाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं की नुसतं पाहणं हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नाही. परवानगीशिवाय वाटणं, जाहीर दाखवणं, विकायला वा भाड्यानं देणं हा आहे. टोरेंटवाल्यांना यातून फारसा दिलासा नाही, कारण टोरेंटमध्ये घेताघेताच वाटपही होत असतं. त्याच तंत्रानं उबुंटू, डेबियन, लिबरऑफिस किंवा किविक्सवरचा संपूर्ण मराठी विकिपीडिया उतरवण्यात काहीच गैर नाही, आणि अडखळणाऱ्या लाइनवर तो मार्ग उत्तमच. जोडणी तुटली तरी उतरलेले तुकडे वाया जात नाहीत.

शेवटचा दोष उलटा आहे: घरचं नेट मजेत, पण टोरेंटच चालत नाही किंवा आपल्याकडून कुणी काही घेत नाही. यावर ठरलेला सल्ला म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. राउटरमध्ये जाऊन ६८८१ किंवा तसा क्रमांक उघडायचा, बाहेरून येणाऱ्याला थेट आपल्या संगणकापर्यंत वाट द्यायची. पंधरा वर्षांपूर्वी हा सल्ला योग्य होता. आज तो बहुतेक घरांत वाया जातो, कारण पत्तेच संपले. जागतिक साठ्यातले जुन्या पद्धतीचे शेवटचे पत्ते फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले आणि एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकचा साठाही तळाला गेला. मग कंपन्यांनी घरच्या राउटरनं करायचं तेच वरच्या पातळीवर केलं: शेकडो ग्राहक एका पत्त्यामागे. याला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे आता रजिस्टरं दोन. एक आपल्या घरात, दुसरं कंपनीकडे, आणि त्या दुसऱ्यात आपल्या वाट्याला ठरावीकच ओळी. घरच्या डब्यात पोर्ट उघडून उपयोग नाही. कंपनीच्या दारात ते बंदच.

हे तपासणं मिनिटाचं काम. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ दिसतो, तो आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवरचा आकडा जुळवून पाहा. जुळले नाहीत, किंवा राउटरवरचा पत्ता १० नं अथवा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर आपण सीजीनॅटमागे आहोत आणि पोर्टच्या खटपटीत पुढे जाण्यात अर्थ नाही. फाइल उतरवायला तशी अडचणही येत नाही, कारण आपण बाहेर जाऊन इतरांना गाठू शकतो. अडतात ते दोघंही सीजीनॅटमागे असलेले. लग्नाच्या शूटिंगचा शंभर जीबी माल डिंगोऱ्याहून मुंबईच्या एडिटरला थेट पाठवायचा तर हाच प्रसंग येतो.

यावर गावातला सीसीटीव्ही बसवणारा हसेल. बिबट्याच्या या तालुक्यात मळ्यातल्या घरावर कॅमेरा असणं आता नवलाचं नाही, आणि तो बसवणारा पोर्टच्या भानगडीत न पडता डीव्हीआरवर ‘पी-टू-पी ऑनलाइन’ एवढंच पाहून क्यूआर कोड स्कॅन करून देतो. तिथे मधला एक सर्व्हर दोन्ही बाजूंना एकमेकांचे पत्ते सांगतो, दोघं एकाच वेळी बाहेर पाकिटं सोडतात आणि रजिस्टरांत आपोआप ओळी पडतात. जमलं तर थेट, नाही तर मधल्या सर्व्हरमार्फत. सिंकथिंगसारखे फाइल-देवघेवीचे प्रोग्रामही असंच करतात. मोठ्या फाइली ओळखीच्याच माणसाला द्यायच्या असतील तर टोरेंटपेक्षा ते बरे. राउटरमधलं यूपीएनपी, म्हणजे कुठल्याही प्रोग्रामला आपणहून पोर्ट उघडू देणारी सोय, मी बंदच ठेवा म्हणेन. सीजीनॅटमागे तिचा फायदा नाही आणि २०१३ मध्ये रॅपिड७ च्या तपासणीत कोट्यवधी यंत्रांत तिची भोकं सापडली होती.

खरंच बाहेरून वाट हवी असेल तर दोन मार्ग. एक, कंपनीकडून स्टॅटिक आयपी घेणं. त्याला दरमहा किंवा वार्षिक पैसे पडतात. दुसरा, आयपीव्ही६, ज्यात पत्त्यांचा तुटवडाच नाही आणि प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो. त्याच्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे, मुख्यतः मोबाइल कंपन्यांमुळे. घरच्या फायबरवर तो कंपनीकडून येत असूनही राउटरमध्ये कित्येकदा बंद असतो. केबलवाल्याला विचारायचंच असेल तर प्लॅनचा वेग न विचारता हे विचारावं. चालू झाल्यावर राउटरचं फायरवॉल बाहेरच्यांना तरीही अडवतं, आणि अडवायलाच हवं. सबंध फायरवॉल बंद करू नये. टोरेंट ज्या यंत्रावर चालतं त्याच्या त्या एका पोर्टपुरता नियम लिहावा. डीव्हीआरला त्या नियमात घेऊ नये.